दुधाला फॅट, उसाला उतारा. मग सुगंधी तेलाला काय?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात शेतीखालील जमीन वर्षानुवर्षे आक्रसत चालली आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोसरी, चिंचवड, तळेगाव, चाकण अशी औद्योगिक वसाहतींची रांगच लागली. घरातील कर्ता तरुण पाळीवर कारखान्यात जातो. मागे वडीलधारी माणसे, थोडीशी बागायत आणि डोंगरउताराचा मुरमाड तुकडा एवढेच उरते. बागायतीत कांदा, बटाटा, भाजीपाला होतो व चाकणच्या बाजारात खपतो. पण त्या मुरमाड तुकड्याचे काय करावे, हा प्रश्न खेड, मावळ व हवेली या तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी आम्हांस विचारीत असतात.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर घेऊन आजकाल रोपांचे व ठोंबांचे विक्रेते गावोगाव फिरू लागले आहेत. "जिरॅनियम लावा, गवती चहा लावा, रोशा लावा, तेल आम्ही विकत घेऊ," असे ते सांगतात. सुगंधी पिकांना मजूर कमी लागतात, हलक्या जमिनीत ती येतात व गवती चहाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, हे त्यांचे म्हणणे काही खोटे नाही. केंद्र शासनाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ साली 'अरोमा मिशन' हाती घेतले, तेही याच गुणांकडे पाहून. तेव्हा ही पिके घेऊच नयेत असे मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु ठोंब विकणारा जो हिशेब मांडतो, त्यात एकरी तेल किती किलो व किलोस भाव किती, एवढ्या दोनच गोष्टी असतात. तिसरी गोष्ट, म्हणजे त्या तेलात कोणता घटक किती आहे, ही बहुधा नसते. माझ्या मते साऱ्या हिशेबाचा पाया ती तिसरी गोष्ट होय; आणि तीच विचारावयास आपण शिकलो नाही, तर या पिकात आपली फसगत ठरलेली आहे.

सुगंधी तेल म्हणजे काय?

भुईमूग, करडई, तीळ यांचे तेल बियांत साठविलेले असते व ते घाण्यावर काढता येते. कागदावर त्याचा थेंब टाकला तर डाग कायम राहतो. सुगंधी तेलाची जात निराळी. ते पानांतील, फुलोऱ्यातील किंवा मुळांतील अतिसूक्ष्म पिशव्यांत असते, उघड्यावर उडून जाते, आणि वाफेबरोबर ओढून काढावे लागते. शुद्ध सुगंधी तेलाचा थेंब कागदावर टाकला तर तो काही वेळाने बहुतांशी उडून जातो. म्हणून शास्त्रात त्यास बाष्पनशील तेल म्हणतात.

असे तेल हा एकच पदार्थ नसतो. त्यात लहानमोठे अनेक रासायनिक घटक मिसळलेले असतात, आणि बहुधा त्यांतील एक-दोन घटकच तेलाचा वास, उपयोग व किंमत ठरवितात. गवती चहाच्या तेलात हा मुख्य घटक सिट्राल होय. चांगल्या तेलात तो ७० ते ८५ टक्क्यांपर्यंत असतो. रोशा गवताच्या तेलात जिरॅनिऑल, ओव्याच्या तेलात थायमॉल, लवंगेच्या तेलात युजेनॉल, तर चैत्रात जोतिबाला वाहिल्या जाणाऱ्या दवण्याच्या तेलात डॅव्हानोन. साबण, अत्तर, औषधे व खाद्यपदार्थ बनविणारे कारखानदार हे घटक विकत घेत असतात. आपण त्यांस 'रोशाचे तेल' म्हणून विकतो. ते मात्र 'इतके टक्के जिरॅनिऑल' म्हणून मोजून घेतात. देणारा आणि घेणारा निरनिराळ्या मापाने मोजीत असतील, तर नुकसान कोणाचे होणार हे सांगावयास नको.

खानदेशच्या रोशाची हकीकत

रोशा गवत हे महाराष्ट्राचेच धन आहे. खानदेश व वऱ्हाडातील डोंगरांत आणि पलीकडे निमाडात ते रानोमाळ उगवते. पावसाळ्यानंतर फुलोरा आला की रानातच भट्ट्या लावून त्याचे तेल काढण्याचा धंदा तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकाठच्या बंदरांवर व तेथून कॉन्स्टॅन्टिनोपलला जाई. तेथील व्यापारी उन्हात ठेवून ते निवळवीत, आणि मग त्याची भेसळ बल्गेरियाच्या प्रसिद्ध गुलाबाच्या अत्तरात होई. रोशाच्या तेलास गुलाबासारखा गोड वास आहे, म्हणून हे साधत असे. गंमत अशी की, या व्यापारात आपल्या तेलाचे नावसुद्धा राहिले नाही. तुर्कस्तानातून आले म्हणून कोणी त्यास 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणे, कोणी 'हिंदी जिरॅनियम तेल'. खानदेशच्या रानात भट्टी पेटविणाऱ्यास आपले तेल कोठे जाते व कशासाठी जाते, याची वार्ता कोठून असणार?

ज्या घटकामुळे हे सारे घडत होते, तो वेगळा काढण्याचे काम १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने केले; आणि तेही हिंदुस्थानातून गेलेल्या याच जातीच्या गवताच्या तेलातून. त्या घटकास जिरॅनिऑल हे नाव मिळाले. गुलाबाच्या अत्तरातही जिरॅनिऑल असते, म्हणून दोहोंचा वास जुळतो. हे एकदा कळल्यावर रोशाचे तेल भेसळीचा माल राहिले नाही. जिरॅनिऑल मिळविण्याचे साधन म्हणून त्यास स्वतःची किंमत आली. तेल तेच होते. बदलले ते त्यातील घटकाविषयीचे ज्ञान.

याच हकीकतीचा दुसरा भाग शेतकऱ्याने अधिक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रोशा गवताचे दोन प्रकार आहेत: मोतिया आणि सोफिया. दोन्ही दिसावयास इतके सारखे की, नवख्याची नजर सहज फसते. मोतिया बहुधा कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर आढळतो. सोफिया त्यामानाने ओलसर जागी. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत भरते. सोफियाच्या तेलात ते पुष्कळच कमी असून लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल असे दुसरे घटक असतात. म्हणून सोफियाच्या तेलास बाजारात निराळे नाव व हलका भाव आहे. पेशीतील गुणसूत्रे मोजली तर मोतियात २० व सोफियात ४० आढळतात. म्हणजे हा फरक मशागतीचा नव्हे, बियाण्याचाच आहे. सोफियाला कितीही खत घाला, मोतियाचे तेल त्यातून निघावयाचे नाही. ज्याने 'रोशाचे बी' एवढेच विचारून बी घेतले, त्याने अर्धाच प्रश्न विचारला.

एक वनस्पती, सहा तेले

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच आहे असेही नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत खडकाळ माळावर थाइम, ओरेगानो, सेज, रोझमेरी, लव्हेंडर अशा सुगंधी वनस्पती रानटी वाढतात. त्यांपैकी थाइमचा अभ्यास दक्षिण फ्रान्सात माँपेलिए शहराच्या उत्तरेस फार बारकाईने झाला. तेथे काही मैलांच्या आत एकाच जातीच्या थाइमची सहा निरनिराळी तेले मिळाली. कोणात थायमॉल मुख्य, कोणात कार्व्हाक्रॉल, कोणात लिनालूल, कोणात जिरॅनिऑल, आणि उरलेल्या दोहोंत आणखी दुसरेच घटक. झाडे डोळ्यांस सारखीच. परंतु हिवाळ्यात जेथे कडाक्याचा गारठा साचतो अशा खोलगट भागात लिनालूलसारख्या घटकांची झाडे टिकली, आणि भोवतालच्या उष्ण, कोरड्या उतारांवर थायमॉल व कार्व्हाक्रॉलची. शास्त्रज्ञ अशा प्रकारांना रासायनिक प्रकार म्हणतात. 'थाइमचे तेल द्या' एवढे म्हणून तेथील जाणता व्यापारी माल घेत नाही. कोणत्या प्रकारचे, हे तो आधी विचारतो.

उलट बाजूही पाहावी. ओवा हा धणे-जिऱ्याच्या कुळातला, तर थाइम तुळशीच्या कुळातला. नात्याने दोघे दूरचे; पण दोहोंच्या तेलात थायमॉल. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्या देशातील ओवा जहाजे भरून जर्मनीस जात असे. तेथील कारखानदारांस फोडणीसाठी ओवा नको होता. त्यांस त्यातील थायमॉल हवे होते. आपल्या अंगणातील तुळशीतही काहींच्या तेलात युजेनॉल अधिक, तर काहींत मिथिल युजेनॉल अधिक असते. तेव्हा नाव एक व घटक निराळे, आणि नावे निराळी व घटक एक, असे दोन्ही प्रकार सृष्टीत आहेत.

सध्या ज्याचा बराच गाजावाजा आहे त्या जिरॅनियमचेही असेच. ही मूळची दक्षिण आफ्रिकेतील वनस्पती असून ती बियांपासून नव्हे, फाट्यांपासून लावतात. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचले की ती मरते, ही गोष्ट आमच्या मावळच्या पावसात कोणी विसरू नये. तिच्या तेलात सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल हे दोन्ही घटक असतात, आणि प्रकारानुसार बाकीचे घटक बदलतात. रोशाच्या तेलास पूर्वी 'जिरॅनियम तेल' म्हणत असत हे वर सांगितलेच आहे. दोन अगदी निरनिराळ्या वनस्पती, दोन निराळी तेले, पण नाव एकच. नावावर विसंबून करार केला तर गोंधळ किती होईल, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

घटक कशाने बदलतात?

बियाणे किंवा ठोंब कोणत्या प्रकारचे, ही पहिली गोष्ट झाली. १९५९ साली स्थापन झालेल्या आणि आज लखनौ येथील 'सीमॅप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय संस्थेने रोशाचे तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१, वैष्णवी, हर्ष असे, आणि गवती चहाचे कृष्णा, प्रगती, निमा असे वाण दिले आहेत. ठोंब वा बी घेताना वाणाचे नाव लेखी घ्यावे.

दुसरी गोष्ट कापणीची वेळ. रोशाचे बरेचसे तेल फुलोऱ्यात व पानांत असते. जाड काडीत ते नसल्यासारखेच. फुलोरा कोवळा असता तेलात जिरॅनिल ॲसिटेट अधिक असते, आणि तो पक्व होत जातो तसतसे त्याचे जिरॅनिऑल होत जाते. म्हणून पूर्ण फुलोऱ्यापासून दाणे भरू लागेपर्यंतचा काळ कापणीस योग्य समजतात. मजूर मिळाले तेव्हा कापले, भट्टी मोकळी झाली तेव्हा नेले, असे केल्यास तेलाचे वजन भरेल, पण घटक भरणार नाही. गवती चहा फार जून होऊ दिला तरी असाच तोटा होतो. कापलेले गवत काही तास सावलीत सुकविल्यास भट्टीत अधिक मावते. मात्र ढिगात दडपून ठेवल्यास ते तापते व कुजू लागते.

तिसरी गोष्ट भट्टी. वाफेबरोबर सर्व घटक एकदम बाहेर पडत नाहीत. काही आधी येतात, काही मागाहून. जळण वाचविण्यासाठी भट्टी लवकर बंद केली की मागाहून येणारे घटक गवतातच राहतात व तेलाचा वास बदलतो. गवती चहास दोन-अडीच तास पुरतात. वाळ्याच्या मुळ्यांस मात्र अठरा-वीस तास व त्याहूनही अधिक वाफ द्यावी लागते. वाळ्याचे तेल दोन-तीन तासांत काढून देतो असे कोणी म्हणेल, तर त्याच्याकडे मुळ्या नेऊच नयेत. लोखंडी गंजक्या भांड्यात तेल काळवंडते. त्यातही थायमॉल व युजेनॉल असलेल्या तेलास लोखंड विशेष बाधते. म्हणून गंजरोधक पोलादाची भट्टी बरी.

चौथी गोष्ट साठवण. तेलातील पाणी नीट वेगळे करून, ते गाळून, गर्द रंगाच्या काचेच्या बाटलीत किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यात तोंडापर्यंत भरून, घट्ट बूच लावून अंधारात व थंड जागी ठेवावे. अर्धवट भरलेला डबा उन्हात राहिला तर हवेने सिट्रालसारखे घटक बिघडतात. भाव वाढेल म्हणून तेल साठवून ठेवणाऱ्याने हे विशेषेकरून लक्षात घ्यावे. भाव वाढेपर्यंत माल उतरलेला असावयाचा.

परीक्षा कशी होते?

पूर्वी तेलाचे विशिष्ट गुरुत्व, अल्कोहोलातील विद्राव्यता आणि एकंदर अल्कोहोली घटक यांवरून परीक्षा करीत. त्या परीक्षेत जिरॅनिऑल किती व दुसरे अल्कोहोल किती, हे वेगळे कळत नसे. १९५२ साली जेम्स व मार्टिन या शास्त्रज्ञांनी वायू-वर्णलेखन, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, ही पद्धत पुढे आणली आणि ही अडचण दूर झाली. तेलाचा थेंबभर नमुना वाफ करून एका लांब, बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या गतीने नळीतून बाहेर पडतो व कागदावर त्याचे शिखर उमटते. शिखराच्या आकारावरून त्या घटकाचे शेकडा प्रमाण कळते. या परीक्षेस काही थेंब तेल पुरते.

अशी परीक्षा आमच्या पट्ट्यास परकी नाही. पुण्यास पाषाण येथे १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. चाकणहून तेथे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. सुगंधी तेलांतील घटकांवर तेथे एस. सी. भट्टाचार्य व सुखदेव यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी केलेले काम जगात मान्यता पावले. सुखदेव यांना या विषयातील कार्याबद्दल १९८० साली अर्नेस्ट गुंथर पारितोषिक मिळाले. तेलाच्या तपासणीची सोय लखनौच्या सीमॅपमध्ये व कन्नौजच्या सुगंध व स्वाद विकास केंद्रात आहे. रोशा व गवती चहा यांच्या तेलांसाठी भारतीय मानक ब्यूरोने ठरविलेली मानकेही आहेत. ज्ञान जवळ आहे, मानक आहे, यंत्र आहे. शेतकऱ्याच्या हाती तपासणीचा कागद मात्र नाही. ही उणीव आपल्या विस्तारकार्याची आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

"हे शेतकऱ्याचे काम नव्हे" असे म्हणणाऱ्यांस

काही सूज्ञ मंडळी म्हणतात की, रसायनशास्त्राची ही नावे शेतकऱ्यास सांगून काय उपयोग? त्याने पिकवावे, कारखानदाराने तपासावे. हे मत मला पटत नाही. आमच्या जिल्ह्यातील शेतकरी रोज सकाळी डेअरीवर दूध घालतो, तेव्हा लिटरबरोबर फॅटही मोजून घेतो. फॅट कमी लागली तर यंत्राकडे पाहतो, वैरण बदलतो, प्रसंगी भांडतोही. ऊस उत्पादकास साखरेचा उतारा म्हणजे काय हे कोणी नव्याने समजावून द्यावे लागत नाही. उसाची रास्त व किफायतशीर किंमत उताऱ्याशी बांधलेली आहे हे तो जाणतो. ज्याने फॅट व उतारा समजून घेतला, त्यास 'जिरॅनिऑल ८० टक्के' हे शब्द समजणार नाहीत, असे मानणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

साधा हिशेब पाहा. दोन शेतकऱ्यांनी प्रत्येकी १० किलो रोशाचे तेल आणले. एकाच्या तेलात जिरॅनिऑल ८० टक्के, म्हणजे ८ किलो. दुसऱ्याच्या तेलात ६० टक्के, म्हणजे ६ किलो. व्यापाऱ्याने दोघांस एकच भाव दिला, तर पहिल्याचे २ किलो जिरॅनिऑल फुकट गेले. ज्याने बियाणे पाहून घेतले, वेळेवर कापणी केली, भट्टी पुरती चालविली, त्याच्या कष्टांस मोल मिळाले नाही. पुढच्या वर्षी तो तरी हे कष्ट का करील? भाव घटकावर नसला की चांगला माल बाजारातून आपोआप नाहीसा होतो आणि साऱ्या भागाचे नाव खराब होते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिट्राल काय किंवा जिरॅनिऑल काय, हे घटक आता रासायनिक कारखान्यांतही तयार होतात. जर्मनीतील मोठे कारखाने खनिज तेलापासून मिळणाऱ्या पदार्थांतून सिट्राल बनवितात. केरळातील गवती चहाच्या तेलास या स्पर्धेची झळ लागली. म्हणून 'भाव कधी पडणारच नाही' असे जो सांगतो, त्यावर विश्वास ठेवू नये. नैसर्गिक तेलास जी जादा किंमत मिळते ती त्याच्या शुद्धतेसाठी व ठरावीक घटकांसाठी. तेवढा आपला आधार. तोच सोडला तर कारखान्याच्या स्वस्त मालापुढे आपण टिकणार नाही.

आपल्या पट्ट्यात काय करावे?

पहिले, चालू बागायत मोडून ही पिके घेऊ नयेत. कांदा-बटाट्याच्या जमिनीवर रोशा लावणे म्हणजे दुभती म्हैस विकून शेळी घेण्यासारखे आहे. हलका, निचऱ्याचा, पडून असलेला तुकडा यासाठी निवडावा. वाळा बांधावर लावला तर माती धरून ठेवतो, हा लाभ तेलाहून निराळा.

दुसरे, पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांहून अधिक लावू नये. तेवढ्यातून तपासणीपुरते तेल खात्रीने निघते. शंभर किलो ताज्या रोशा गवतातून सुमारे अर्धा किलो तेल मिळते, हा अंदाज धरून आपल्या शेतातील उतारा ताडून पाहावा. आपल्या जमिनीत, आपल्या पावसात आलेल्या तेलाचा तपासणी-कागद हाती आल्यावरच क्षेत्र वाढवावे. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आलेली काही कुटुंबे आरंभीच स्वतःची भट्टी उभारण्याच्या विचारात असतात. त्यांस माझा आग्रहाचा सल्ला आहे की, भट्टी ही शेवटची पायरी समजावी. आणि तीही चार-पाच गावांनी मिळून, गटामार्फत किंवा सहकारी संस्थेमार्फत उभारावी. एकट्याची भट्टी वर्षातील बहुतेक दिवस थंडच राहते.

तिसरे, खरेदीचा करार लेखी असावा आणि त्यात किलोच्या भावाबरोबर मुख्य घटकाचे किमान प्रमाण, त्याहून अधिक भरल्यास द्यावयाची वाढ, कमी भरल्यास करावयाची कपात, आणि तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत व्हावी, हे लिहिलेले असावे. नमुन्याच्या दोन सीलबंद बाटल्या कराव्या. एक घेणाऱ्याकडे, एक आपल्याकडे. जो खरेदीदार घटकाचा शब्द कागदावर लिहू देत नाही, त्याचे ठोंबही घेऊ नयेत.

चौथे, पाण्याविषयी. पवना व इंद्रायणी या नद्यांचे पाणी ठिकठिकाणी शहराच्या व कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेले आहे. शिसे, कॅडमियम, तांबे यांसारखे धातू वाफेबरोबर उडून तेलात येत नाहीत. ते गवताच्या चोथ्यात राहतात. म्हणून दूषित पाण्याच्या जागी खाद्यपिकांपेक्षा तेलाची पिके बरी, या मतात तथ्य आहे. परंतु अशा जागचा चोथा गुरांस घालू नये, व खत म्हणून भाजीपाल्याच्या शेतातही टाकू नये. आणि तेल शुद्ध येते म्हणून नदी तशीच राहू द्यावी, असा अर्थ कोणी काढू नये.

पाचवे, डोंगरांवरील रानटी सुगंधी वनस्पती ओरबाडून भट्टीत घालण्याचा मोह टाळावा. रानातील मिश्र गवताचे तेल कधीच एकसारखे नसते, आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून तोड करणे गुन्हाही आहे. रानातून घ्यावयाचा तो एखादा चांगला नमुना. त्याचे तेल तपासून उत्तम ठरल्यास त्याचेच ठोंब वाढवावे. नवे वाण अशाच निवडीतून निघत असतात.

गावपातळीवरील सहकाऱ्यांस विनंती

आपल्या अहवालात 'सुगंधी पिकांखालील क्षेत्र इतके हेक्टर' असा एक रकाना असतो आणि तो भरला की काम झाले असे आपणांस वाटते. हा रकाना भरणे सोपे आहे. ठोंब वाटले की तो भरतो. त्याच्या शेजारी 'किती शेतकऱ्यांच्या तेलाची तपासणी झाली' असा दुसरा रकाना आपण स्वतःच्या वहीत तरी आखावा. वरिष्ठ कार्यालयांनीही तो मागवावा, असे माझे नम्र मत आहे. एखाद्या गावात दोन हेक्टर रोशा असून पाच तपासणी-कागद असतील, तर ते काम वीस हेक्टर असून एकही कागद नसलेल्या गावापेक्षा अधिक मोलाचे समजावे.

शेतकरी बंधु-भगिनींनो, विक्रेता दारात आला तर त्यास परत पाठवू नका. बसवा, चहा द्या, आणि चार प्रश्न विचारा. वाण कोणता? त्याच्या तेलात मुख्य घटक कोणता व किती टक्के? त्याचा अलीकडचा तपासणी-कागद आहे काय? आणि भाव त्या टक्क्यांवर देणार काय? चारही उत्तरे लेखी मिळाली तर पाच गुंठ्यांत लावणी करून पाहा. न मिळाली तर तो मुरमाड तुकडा आणखी एक वर्ष पडीक राहिला तरी फारसे बिघडत नाही. उरल्यासुरल्या जमिनीवर कर्ज काढून, दुसऱ्याच्या शब्दावर लावलेले पीक मात्र घर बुडविते.